ताटात टाकायचं नाही

आमची थोरली सहा वर्षांची होईपर्यंत कधी धड जेवली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगतेय. दार-ए-सलामला आमचं घर होतं पत्र्याच्या छपराचं, पुढे आंब्याचं झाड, मागे पाण्याचा नळ. त्या आंब्याखाली आया तिला मांडीवर घेऊन बसायची, मी भात कालवून द्यायचे, आणि ही बया तोंड मिटून घ्यायची. मग हात उडवून म्हणायची, “सिताकी!”

सिताकी म्हणजे तिकडच्या स्वाहिलीत ‘मला नको’. मराठीत ‘आई’ म्हणायच्या आधी ती हे शिकली. भात सिताकी, वरण सिताकी, आणि शेपूची भाजी तर चारदा सिताकी. शेपू तिकडे गुजराती भाजीवाल्याकडे मिळायचा, आणि मला तो जिवापलीकडे आवडतो, म्हणून मी आठवड्यातून एकदा करायचेच. शेवटी तिच्या ताटातला शेपू, भाताची ढेकळं, पोळीचे चावलेले तुकडे हे सगळं मी खायचे. आईच्या पोटात जातं ते पोरांचं उष्टंच. त्या दिवसांत मी स्वतःचं असं ताट वाढून घेतल्याचं मला आठवत नाही.

परमुलखात पोरं वाढवायची म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्याला कळतं. इथे चाळीत पोर रडलं तर चार दारांतून चार बाया बाहेर येतात. कोणी घुटी सांगते, कोणी दृष्ट काढते, कोणी नुसतीच “आण इकडे” म्हणून उचलून नेते. तिकडे आमच्या एका बाजूला पारशी म्हातारा, दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट. हे सकाळी रेल्वेच्या ऑफिसात गेले की संध्याकाळपर्यंत मी, दोन पोरं आणि ती आया. आया जिवाची होती, पण तिची माझी बोलणी निम्मी खाणाखुणांनी. धाकट्याला गोवर आला तेव्हा मी कडुलिंबाच्या पाल्यासाठी दोन गल्ल्या वणवण फिरले, आणि आया माझ्याकडे बघून हसत होती, की ही बाई झाडपाल्याच्या मागे का लागलीय.

तरी मी हट्टाने सगळं करायचे. दिवेलागणीला हातपाय धुऊन परवचा. पाढे. चतुर्थीला मोदक. पोरं मराठीच बोलली पाहिजेत, असं मी घरात बजावून ठेवलं होतं. ती बोलायचीही, पण मध्येमध्ये स्वाहिली घालून. आमच्या ह्यांना त्याची मजा वाटायची. ह्यांना सगळ्याचीच मजा वाटायची. थोरलीने ताट सरकवलं की हे मिशीत हसत म्हणायचे, “टाकतेस? टाक, टाक. मुंबईला काकू आहे. जी मुलं ताटात टाकतात ना, त्यांना काकूकडे ठेवून देतात. तिथे शीतसुद्धा टाकायची सोय नाही!”

सगळेच बाप असं काहीतरी म्हणतात. कोणी पोलिसाला देतो, कोणी बागुलबुवाला. पोर डोळे मोठे करून दोन घास जास्त खायचं, हे खूश व्हायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

काकू म्हणजे माझी मोठी जाऊ. गिरगावात, ठाकूरद्वारच्या अलीकडे एका वाडीत, आमच्या सासरच्या दोन खोल्या होत्या. तिथे थोरले दीर आणि जाऊबाई राहायचे. त्यांना मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, आणि मग एक दिवस त्यांनी ते सगळं बंद केलं, असं मला चाळीतल्या बायकांनी सांगितलेलं. जाऊबाई स्वतः त्याबद्दल अवाक्षर बोलायच्या नाहीत. बाई कडक. लुगड्याचा काष्टा चापून मारलेला, घरात एक भांडं इकडचं तिकडे नाही, आणि जेवायला बसलं की एकच नियम: ताटात टाकायचं नाही. मी नवी नवरी असताना एकदा पोळीचा पाव तुकडा टाकला तर म्हणाल्या, “आमच्या घरात उष्टं खाणारं कोणी नाही गं. मागून घे, पण टाकू नकोस.” तेव्हा मला तो टोमणा वाटला होता. उष्ट्याखरकट्याचं त्यांना भारी वावडं. दिरांच्या ताटातलंसुद्धा त्या कधी खायच्या नाहीत. दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावायच्या नाहीत.

थोरली सहा वर्षांची झाली तेव्हा ह्यांची लांब रजा आली. चार वर्षांनी एकदा सहा महिने मिळायची. पण या वेळची रजा नुसती रजा नव्हती. तिकडे मराठी शाळा नव्हती. गुजराती होत्या, इंग्रजी होत्या, पण त्यात पोरगी घातली तर पुढे आपली राहायची नाही, असं सगळे म्हणायचे. तिकडची आपली माणसं काय करायची, तर पोर सहा-सात वर्षांचं झालं की रजेवर आणायची आणि मुंबईला नाहीतर पुण्याला आजीकडे, काकाकडे, मावशीकडे ठेवून परत जायची. घरोघरी तेच. एका ओळखीच्या बाईंनी मला सांगितलं होतं, “निघायच्या दिवशी पोराला राणीच्या बागेत पाठवायचं. ते हत्ती बघून परत येईपर्यंत आपण बोटीवर. समोरासमोर निरोप घेऊ नये, फार रडतात.” हे तिने मला मोरंब्याची कृती सांगावी तसं सांगितलं.

ह्यांनी आणि दिरांनी पत्रापत्रीतून ठरवून टाकलं होतं. थोरलीला गिरगावात ठेवायचं. जाऊबाईंनी होकार दिला होता. होकार कसला, त्या वाटच बघत होत्या. मलाही विचारलं, नाही असं नाही. मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल ते.” दुसरं काय म्हणणार? शाळेचा प्रश्न खराच होता. पण बोटीवर माझं सगळं लक्ष तिच्यावरच. पोरगी डेकवर धाकट्याचा हात धरून पळायची, आणि मी मनात म्हणायचे, परत जाताना हा एकटा पळणार.

तिला मात्र काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. “आत्तापासून कशाला रडवायचं?” हे म्हणाले.

गिरगावात उतरलो तेव्हा सगळी मुंबई पेटलेली. द्वैभाषिकाचे दिवस. भिंती भिंतींवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. आमच्या वाडीत सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा. आणि आमच्या जाऊबाई, ज्या पूर्वी देवळाखेरीज कुठे जायच्या नाहीत, त्या वाडीतल्या बायकांच्या पुढारी! पदर खोचून, चपला घालून, मोर्च्याला. पायभर धूळ घेऊन परत यायच्या, मोरीत पाय धुवायच्या आणि लगेच स्टोव्ह पेटवून आमटी फोडणीला. मी तर बघतच राहिले. दीर म्हणायचे, “आता हिच्यापुढे दिल्लीचंसुद्धा काही चालायचं नाही, माझं काय घेऊन बसलात!”

पण आमच्यासाठी त्यांनी काय काय करून ठेवलं होतं! फडताळाचा खालचा कप्पा रिकामा करून त्यात थोरलीचे कपडे लावायची जागा. खिडकीशी तिची वेगळी गादी. आणि एक छोटं पितळी ताट, तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून आणलेलं, नवी कल्हई केलेलं, चकचकीत. धाकट्यालाही एक वाटी आणली होती, पण ताट तिच्यासाठी. पहिल्याच दिवशी त्यांनी ते ताट मांडलं, तिला पाटावर बसवलं आणि वाढलं. पोळी, वरणभात, शेंगांची भाजी, कोशिंबीर. माझा जीव टांगणीला. आता ही म्हणणार सिताकी, आणि जाऊबाईंचा चेहरा उतरणार.

कशाचं काय! पोरगी मुकाट्याने जेवली. भात जेवली, भाजी जेवली, कोशिंबिरीची काकडी जेवली. ताट बोटाने निपटून घेतलं, आणि मान वर करून आधी काकूकडे, मग बापाकडे बघितलं.

“शाब्बास!” हे म्हणाले. “बघितलंस? मुंबईचं पाणी!”

त्या दिवसापासून रोज तेच. दुधी, पडवळ, कारलं. कारलं म्हणते मी! जे वाढाल ते खाल्लं, ताट धुतल्यासारखं केलं. चाळीतल्या बायका बघायला यायच्या. “अगं बाई, आफ्रिकेची पोर, पण जेवायची किती शहाणी!” जाऊबाईंना तर आभाळ ठेंगणं. त्या बोलायच्या नाहीत, पण भाजी निवडताना गुणगुणायला लागल्या. मोर्च्याला निघताना तिच्यासाठी साखरपोळी झाकून ठेवायच्या. तिच्या केसांना तेल लावायच्या, दोन घट्ट वेण्या घालायच्या, रिबिनी इस्त्री करायच्या. रिबिनी इस्त्री करणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

आणि मी? मी जळत होते. उघड सांगते. सहा वर्षं मी एकेका घासासाठी चिऊकाऊ केलं, आया नाचली, आणि इथे हिच्या हातचं कारलंसुद्धा गोड! “काकूच्या हाताला चव आहे,” असं हे एकदा म्हणाले तेव्हा मी हातातली पळी अशी आपटली की धाकटा दचकून रडला. “मग आधीच पाठवायची होती काकूकडे,” मी म्हटलं. हे हसले. त्यांना वाटलं, चला, हिचीही समजूत पटली.

खरं म्हणजे पटत चालली होती. पोरगी रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. वाडीतल्या पोरांत मिसळली होती. पोरं आधी तिला विचारायची, तुमच्याकडे सिंह घरात येतो का? तिने एकदा सांगून टाकलं, येतो, दूध पितो. तेव्हापासून तिला मान. पोरांचा त्या दिवसांत एकच खेळ, मोर्चा. पुढे लाटण्याला फडकं बांधलेला झेंडा, मागे सगळी रांग, आणि “झालाच पाहिजे!” थोरली सगळ्यांच्या वर आवाज काढायची. कोणीतरी कायम पोलीस व्हावं लागायचं आणि कोणी व्हायला तयार नसायचं, म्हणून ते काम धाकट्याला दिलेलं. तीन वर्षांचा पोलीस, चड्डी सावरत मोर्च्यापुढे हात पसरून उभा राहायचा, आणि मोर्चा त्याला उचलून बाजूला ठेवून पुढे जायचा.

जेवणं अशी, खेळ असा. मी स्वतःला म्हणायचे, बाई, तू रडून तिचं नुकसान करू नकोस. इथे माणसं आहेत, शाळा आहे, भाषा आहे. जाऊबाईंसारखं जीव लावणारं माणूस आहे. तुझं मन तू आवर. दिवसा आवरायचंही. फक्त रात्री तिच्या वेण्यांचा वास आला की मी उठून गॅलरीत जायचे.

मार्च गेला, एप्रिल गेला. शाळेत नाव घातलं. गणवेशाचं कापड आम्ही दोघी जावा ट्रामने दादरला जाऊन हिंदमाताकडून घेऊन आलो. वाटेत जाऊबाईंनी तीनदा तरी पुडकं उघडून कापड चाचपलं. निळा फ्रॉक वाडीतल्याच शिंप्याकडे टाकला. तो शिवून आला त्या संध्याकाळी त्यांनी तिला तो घालून बघितला, खांदे ओढले, घेर सारखा केला. “थोडा मोठाच शिवलाय,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं जाईल.” पोरगी उभी होती, दोन्ही हात अंगाला चिकटवून. धाकट्याने विचारलं, “मला?” तर तिनेच उत्तर दिलं, “तुला नाही.”

दुसऱ्या दिवशी बंद होता. कडकडीत. ट्राम नाही, दुकान नाही, भाजीवाला नाही. रस्ता इतका शांत, की चौपाटीच्या बाजूचे कावळे ऐकू येत होते. पुरुष खाली नाक्यावर जमलेले. घरात आदल्या दिवशीच्या शेपूच्या दोन जुड्या होत्या, कोमेजत आलेल्या. जाऊबाईंनी मुगाची डाळ घालून भाजी केली. त्यांनी शेपू त्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच केला होता. दिरांना चालत नाही म्हणून तो घरात यायचाच नाही, पण मला आवडतो हे कळल्यावर मुद्दाम आणला होता.

मुलांना आधी वाढलं. मी धाकट्याला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत भरवत होते, दार उघडं, समोर स्वयंपाकघर. थोरलीने शेपूकडे बघितलं. माझं लक्ष होतं. मी मनात म्हटलं, आता बघू काकूच्या हाताची चव!

तिने भाजी खाल्ली. घास मोठे मोठे घेतले, वर पाणी प्यायली. ताट साफ केलं. आणि म्हणाली, “काकू, आणखी वाढ.”

“शेपू?” जाऊबाईंनी विचारलं.

“हो. पुष्कळ वाढ.”

त्यांनी वाढला. तीही भाजी तिने संपवली. डोळ्यांत पाणी आलेलं मला इथून दिसत होतं. मी म्हटलंसुद्धा, “पुरे गं, पोट दुखेल.” तोवर ती उठून मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली.

जाऊबाई तिच्यामागे. त्यांनी कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवला. “असू दे, असू दे. आवडत नाही तर कशाला खाल्लंस राणी?”

पोरगी ओकता ओकता बोलायला लागली. “काकू, हे मी टाकलं नाही. हे आपोआप आलं. हे धरायचं नाही.”

“काय धरायचं नाही?”

“टाकलं असं धरायचं नाही. बाबांना सांगू नको. तू सांग की मी सगळं जेवले. रोज जेवले. तू बघितलंस ना? तू सांगितलंस तर ते मला नेतील.”

जाऊबाईंचा हात तिच्या पाठीवर तसाच थांबला. “आणि नाही सांगितलं तर?”

“जी मुलं टाकतात त्यांना तुझ्याकडे ठेवतात,” ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जसं काही हे काकूला ठाऊकच असणार. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. “तू चांगली आहेस. पण मला ठेवू नको ना. मी काहीसुद्धा टाकत नाही.”

माझ्या हातातला घास धाकट्याच्या तोंडापर्यंत गेलाच नाही. पाच महिने! पाच महिने ही पोर कारल्याचा घास गिळून परतीचं तिकीट काढत होती, आणि आम्ही मोठी माणसं मुंबईच्या पाण्याचं कौतुक करत होतो. मी उठायला गेले, तर जाऊबाईंनी आतूनच हाताने खुणावलं, थांब.

त्यांनी तिचं तोंड धुतलं. चूळ भरायला लावली. पदराने तोंड पुसलं, चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. म्हणाल्या, “मी सांगेन बाबांना. तू एकदासुद्धा टाकलं नाहीस. जा, खेळ जा.” ती खरंच गेली. गॅलरीत पोरं वाटच बघत होती.

मग त्या पाटावर बसल्या. मी धाकट्याला खाली ठेवून त्यांच्याजवळ गेले. मला रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त. “ह्यांची ती जळ्ळी थट्टा!” मी म्हटलं. “तिकडे ताट सरकवलं की म्हणायचे, काकूकडे ठेवीन. येऊ देत आता वर, चांगली खरडपट्टी काढते.”

“म्हणजे तिकडचा बागुलबुवा मी?” त्या म्हणाल्या, आणि जराशा हसल्या. ते हसू मला अजून दिसतं. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वहिनी, ते गमतीत...”

“तू बोलायचं नाहीस,” त्यांनी मला तोडलं. “कोणाशीच नाही. भावजी हसतील, नाहीतर त्यांच्या जिवाला लागेल. दोन्ही नको. पोरीलाही वाटायला नको की तिच्या बोलण्याने काही मोडलं. माझं मी बघते.”

संध्याकाळी पुरुष वर आले. बंद कडकडीत झाला म्हणून खुशीत होते. चहा झाला, आणि जाऊबाई कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, “भावजी, पोरीला घेऊन जा. मला जमायचं नाही.”

हे बघतच राहिले. “वहिनी, आयत्या वेळी? नाव घातलंय, फ्रॉक शिवलाय...”

“फ्रॉकचं काय, तिकडेही घालेल. माझा पाय घरात ठरत नाही. आज मोर्चा, उद्या सभा. उद्या धरून नेलं तर पोरीला कोण बघणार? मुंबई मिळेपर्यंत मला दुसरं काही व्हायचं नाही.”

दीर उसळले. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते बायकोला म्हणाले, “सबंध आयुष्य एका पोरासाठी झुरलीस, आणि आता दारात आलेली पोर परत पाठवतेस? मुंबई मिळवायला निघालीस आणि घरची पोर घालवलीस!”

त्या कपबशा घेऊन मोरीत गेल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मला त्या वेळी किंचाळून सगळं सांगावंसं वाटत होतं. पण मी शब्द दिला होता. आणि दुसरंही होतं. माझी पोर माझ्याबरोबर येणार होती, आणि मला आनंद झाला होता, इतका, की तोंड लपवायला मी धाकट्याला उचलून गॅलरीत गेले.

मे महिन्याच्या शेवटी आमची बोट होती. निघायच्या दिवशी सकाळी सामान बांधून झालं. राणीच्या बागेत कोणाला पाठवायचं नव्हतं. थोरलीला सांगितलं होतं की आपण सगळे परत जातोय, पण तिचा विश्वास बसला नव्हता. तिने स्वतःची चप्पल ट्रंकेत घातली होती, वर बसून राहिली होती, आणि अनवाणी बोटीवर जायला तयार होती.

जाऊबाईंनी निघायच्या दिवसाचा स्वयंपाक केला. आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी. आणि शेपू. मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. छोटं पितळी ताट मांडलं, त्यात सगळं वाढलं, डाव्या बाजूला शेपूचा छोटा ढीग.

थोरली पाटावर बसली. आमरस संपवला, पुऱ्या संपवल्या, बटाटा संपवला. शेपूपाशी येऊन हात थांबला. तिने बापाकडे बघितलं. हे दिरांशी टॅक्सीचं बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

जाऊबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “नको असेल तर टाक,” त्या म्हणाल्या.

“टाकलं तर?”

“टाकलं तरी जायचं. मी बाबांना विचारलंय.”

पोरीने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खरं बोलतेय की नाही, हे मुलं जसं बघतात तसं. मग तिने ताट एका बोटाने सरकवलं, थोडंसंच, पुन्हा ओढून घेता येईल इतपत. काही झालं नाही. तेव्हा तिने ते चांगलं लांब ढकललं, दोन्ही हात उडवले, आणि पाच महिन्यांत जो शब्द आम्ही कोणी ऐकला नव्हता तो सबंध चाळीला ऐकू जाईल असा ओरडली:

“सिताकी!”

“म्हणजे काय गं?” जाऊबाईंनी मला विचारलं.

“नको म्हणतेय,” मी म्हटलं.

“असं होय!” त्या म्हणाल्या, आणि खदखदून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. “टाकलं गं बाई, टाकलं हिने! माझ्या घरात टाकलं!”

पोरगी उड्या मारत चप्पल काढायला ट्रंकेकडे पळाली. खाली टॅक्सी आली, हे ओरडायला लागले, दीर वळकटी उचलून जिना उतरले. मी धाकट्याला कडेवर घेऊन नमस्कार करायला आत गेले.

जाऊबाई तिथेच बसल्या होत्या, त्या छोट्या ताटापुढे. ज्या बाईने नवऱ्याचंही उष्टं कधी खाल्लं नव्हतं, ती त्या ताटातला शेपू बोटांनी गोळा करून खात होती. मला बघून थांबल्या नाहीत. ताट नीट निपटलं, शेवटची मुगाची डाळसुद्धा उचलली.

“आईने खायचं असतं ना हे?” त्या म्हणाल्या.

“हो वहिनी,” मी म्हटलं.